बिनखुणेचा एडका

१

करुणाबाईंचा दिवस ज्वारीच्या मुठीनं सुरू होई. भाकरीसाठी परातीत पीठ घेतलं, की त्यातली एक मूठ त्या बाजूच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. मिशनची मूठ. त्यांची आई टाकायची, आजीही टाकायची. डबा भरला की चर्चमध्ये जायचा आणि तिथून दूरच्या कुठल्या तरी देशात, सुवार्तेच्या कामाला. तो देश कोणता, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

यंदा मात्र तो देश त्यांच्या ओट्यावर येऊन बसला होता. हैदराबादहून मिशनचे एक साहेब आले आणि त्यांनी फोटोंचा अल्बम उघडला. झांबिया. लाल माती, पत्र्याचा दवाखाना, झाडाखाली भरलेली शाळा. "निवृत्त नर्स आणि निवृत्त मास्तर एकाच घरात," साहेब म्हणाले, "अशी जोडी आम्ही शोधत होतो. तीन वर्षांसाठी या."

शद्रक मास्तर अल्बमवरून हात फिरवत राहिले. करुणाबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "बघू."

त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, हे मास्तरांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. सगळी नोकरी करुणाबाईंनी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली होती. भिंत दुसऱ्याची, नळ दुसऱ्याचा. राजेश्वर गावात हे दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकला. अंगणातल्या लिंबाला यंदा पहिला बहर आला होता. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. पण हे सरळ म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. देवाच्या कामाला नाही म्हणणारी बाई त्यांनी बघितली नव्हती.

त्या रविवारी कापणीचा सण होता. उपासना झाली की चर्चच्या आवारात लिलाव होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो आणतो. वांगी, भोपळे, हुलग्याची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या. सुंदरराज कारभारी टेबलामागं उभा राहून कपडे धुवायची मोगरी टेबलावर आपटत होता. "एक बार! दो बार! तीन बार!" एका लिंबावर दोन मेहुण्यांची बोली लागली आणि आवार हसून हसून वाकलं.

"अरे दाजी, बोली लावायलास का नुसता खाकरायलास?"

"खाकरण्यावर बी बोली धरशील तू, सुंदऱ्या!"

सगळ्यात शेवटी सुंदरराजनं कडुनिंबाला बांधलेल्या एडक्याकडं मोगरी रोखली. पांढरा, धुतल्यासारखा स्वच्छ एडका. आवारात एवढी गर्दी, कोंबड्यांचा कालवा, पण तो दगडासारखा उभा होता. करुणाबाईंचं माहेर मेंढपाळांच्या गल्लीला लागून होतं. बाकावर बसल्या बसल्या त्यांना काही तरी चुकल्यासारखं वाटलं आणि थोड्या वेळानं ते काय, हे कळलं. मेंढरू उभं असो की बसलेलं, त्याचं तोंड हलत असतं. याचं तोंड हलत नव्हतं. एडका रवंथ करत नव्हता.

त्याच्यावर कुणीच बोली लावेना. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. माणसं पायांकडं बघत होती. सुंदरराज ओशाळा झाला. तेवढ्यात शेजारी बसलेले मास्तर उठले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा.

"माझी बोली. आम्ही दोघं. करुणा आणि मी. ह्या एडक्यासाठी आम्ही दोघं स्वतःला देतो. आम्ही झांबियाला जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. करुणाबाईंच्या कानात रक्त घुमायला लागलं. आपल्याला कुणी विचारलं? आत्ता उठून 'नाही' म्हणावं, आत्ताच.

"एक बार!" मोगरी आपटली.

त्यांनी मान वर केली. कडुनिंबाखाली, एडक्याच्या पलीकडं, एक म्हातारं जोडपं होतं, माणूस गुडघ्यांवर वाकलेला, तोंड न दिसणारा. परक्या गावचं असावं. बाईच्या अंगावर कोरी मोरपंखी साडी, पदर नाकापर्यंत ओढलेला, एक हात गळ्याशी. ती एकटक करुणाबाईंकडं बघत होती आणि मान हलवत होती. नाही, नाही. सणाच्या जेवणाला अशी उपाशी माणसं येतात, पण इतकी चांगली साडी नेसून कोण येतं? ती बाई थांबेना. लोक बघतील म्हणून करुणाबाईंना संकोच वाटला. त्यांनी नजर वळवली.

"दो बार! तीन बार!"

२

मास्तरांनी एडका परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधला. पूर्वी तिथं म्हैस होती. करुणाबाईंनी पुढ्यात कडबा टाकला, पाण्याची बादली ठेवली. सकाळी कडबा जसाच्या तसा. बादलीतल्या पाण्यावर धूळ बसली होती आणि ती मोडली नव्हती.

एडका कधी बसत नसे. तोंड कायम स्वयंपाकघराच्या दाराकडं. करुणाबाई भाकरी थापताना पाठ करून बसत आणि तरी पाठीला कळे.

"मला इचारलं का तुम्ही?" तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या.

"कशाचं?"

"बोलीचं. दोघं म्हणालात."

मास्तर चकित झाले. "तू न्हाई कवा म्हणालीस?"

शेजारची म्हाळसा ताक घेऊन आली. धनगराची सून, तोंडानं फटकळ. "सिस्टरअक्का, जनावराला सासुरवास करायलीस का गं? आवाज बी न्हाई त्याचा!" असं म्हणत ती शेडमध्ये शिरली आणि हसत हसत एडक्याचा कान हातात धरला. मग दुसरा धरला. तिचं हसू राहिलं तिथंच राहिलं.

"ह्याच्या कानाला खूण न्हाई, अक्का."

"मग काय झालं?"

"कोकरू पडलं की आम्ही कानाला कातर लावतो. प्रत्येक घराची येगळी. हे एवढं थोराड झालं आन् कुणीच कातर लावली न्हाई?" तिनं हात लुगड्याला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. "कुणाचं हाय हे?"

म्हाळसा ताकाचं भांडं न घेताच गेली. संध्याकाळी तिनं आपली कोकरं या बाजूच्या भिंतीपासून सोडवून पलीकडं नेऊन बांधली.

३

चर्चनं त्यांच्या निरोपाचं प्रेमभोजन ठरवलं. एडका त्याच दिवशी कापायचा.

भर दुपारी म्हाळसाचा सासरा रेवणप्पा सुरी घेऊन आला. एडक्याला आडवं पाडायला दोघं लागतील म्हणून त्यानं मास्तरांना पाय धरायला सांगितलं. पण पाडावं लागलंच नाही. एडका आपणच गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मान लांब केली. करुणाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. आयुष्यभर त्यांनी रक्त बघितलं होतं. मरणारं कसं धडपडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

रेवणप्पानं सुरी ओढली. कातडं फाटल्याचा आवाज आला आणि रक्ताची चिळकांडी मास्तरांच्या सदऱ्यावर उडाली. एडक्याचा एक पायही झटकला नाही. त्यानं डोळे मिटले नाहीत. रक्त वाहत गेलं, रेवणप्पानं हाडापर्यंत दुसऱ्यांदा सुरी घातली, मान मागं मोडली, आणि तरी ते डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडंच बघत होते.

त्याच क्षणी चर्चच्या बाजूनं लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. टक्क. एकच. कुणी तरी कपडे धूत असेल, करुणाबाईंनी मनाशी म्हटलं. पण धुणं धुवायची विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

रेवणप्पानं मजुरीचं मटण घेतलं नाही. "आज न्हाई खात," म्हणाला आणि सुरी न पुसताच निघाला.

भोजन मात्र थाटात झालं. मास्तरांनी दोनदा रस्सा वाढून घेतला. महिला मंडळानं करुणाबाईंना निरोपाची साडी दिली. त्यांनी कागदासकट ती पेटीत टाकली. मटणाचा तुकडा त्यांनी ताटातच ठेवला. कातडं मीठ लावून शेडच्या भिंतीवर ताणलं.

सकाळी त्या चुलीसाठी सरपण न्यायला परसात आल्या, तर एडका खुंट्याला बांधलेला होता.

कातडं भिंतीवर होतं. खाली रक्ताचा वाळलेला डाग होता. आणि मध्ये तो, पांढरा, स्वच्छ, दाराकडं तोंड करून. दुसरा कुणी आणून बांधला असेल. नक्की तसंच असेल. करुणाबाई जवळ गेल्या आणि लोकर बाजूला सारून त्यांनी गळा बघितला. गळाभर एक बारीक गुलाबी रेष होती. अशा रेषा त्यांनी शेकडो बघितल्या होत्या. चांगली भरून आलेली जखम, महिन्याभरापूर्वीची.

"बघ! देवानं दुसरा दिला!" मास्तर मागं उभे होते. दाढीचा साबण गालावर तसाच, डोळ्यांत पाणी. "आपली बोली पसंत पडली, करुणा!"

त्यांच्या गळ्यावर, साबणाच्या खाली, तांबडी रेष होती.

"वस्तरा लागला का?"

"कुठं?" त्यांनी हात लावून बघितला. "न्हाई बा."

करुणाबाईंनी खोलीत जाऊन आरसा घेतला. त्यांच्याही गळ्यावर होती. मंगळसूत्राचा दोरा घासला असेल, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या, आणि आरसा पालथा ठेवला.

त्याच दिवशी त्या सुंदरराज कारभाऱ्याच्या दुकानात गेल्या. "तो एडका कुणी आणला होता, भाऊ?"

सुंदरराज हसायला लागला. "थट्टा करायलाव का सिस्टरबाई? तुम्हीच."

"आम्ही?"

"मग! तुम्ही दोघं दोर धरून फाटकातून आलाव. मी मोगरी शोधायलो होतो, तवा बघितलं. मास्तरांना हाक बी मारली, बोलले न्हाईत. मी म्हटलं, मास्तरच आणतेत, मास्तरच सोडवतेत, भक्तीचा माणूस."

करुणाबाई आणि मास्तर त्या दिवशी पहिल्या गीतापासून बाकावर होते. करुणाबाईंनी विचारलं, "परत करायचा असला तर?"

"बोली लागलेली वस्तू कोण परत करतं, बाई? लईच जड झालं असंल तर जिथं होता तिथं नेऊन बांधा. आणणारा नेईल."

४

"देवाचं देणं परत देऊ?" मास्तर ऐकायलाच तयार नव्हते.

पण त्यांचं वागणं बदललं होतं. ते शेडकडं पाठ करून बसत. प्रार्थनेत मध्येच थांबून विचारत, "तो बसला का?" करुणाबाई म्हणत, "न्हाई." भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडात तसाच राही, मग ते तो न चावता गिळत.

पासपोर्ट आले त्या दुपारी करुणाबाईंच्या तोंडून अखेर निघालं. "मी न्हाई येणार."

मास्तर पासपोर्टवरचा करुणाबाईंचा फोटो बघत होते. "बोली लागलीय."

"बोली तुमची होती. मी हूं बी केलं न्हाई. मला ह्या घरात राहायचंय. माझ्या लिंबाखाली बसायचंय. जायचं तर तुम्ही जा."

"दोघं म्हटलं होतं मी!" मास्तर ओरडले. असा आवाज त्यांच्या घशातून यापूर्वी कधी निघाला नव्हता. "दोघं! त्याला ठाऊक हाय, बघ कसा बघायलाय! रातंदिवस तुझ्याकडंच बघायलाय! खात न्हाई, बसत न्हाई, कामून बघतो रे? कामून?"

सरपणाजवळची कुऱ्हाड कधी उचलली, हे त्यांनाही कळलं नसावं. आयुष्यभर ज्या माणसाला पोराच्या तळहातावर छडी टेकवताना डोळे मिटावे लागत, त्यानं पहिला घाव पूर्ण ताकदीनं एडक्याच्या मानेवर घातला. हाड फुटलं. एडका उभाच. दुसरा घाव पाठीवर बसला, तिसरा डोक्यावर. शिंग उडून बादलीत पडलं. रक्तानं पत्रा भरला, मास्तरांचा चेहरा भरला, आणि ते मारतच राहिले. "बस! बस खाली! बस म्हणतो ना!" त्यांच्या तोंडाला फेस आला होता. करुणाबाईंनी मागून कंबरेला मिठी मारली, तर मास्तरांचं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं आणि दात ओठात घुसला. शेवटच्या घावाला मुंडकं कातड्यावर लोंबायला लागलं. तेव्हा कुठं एडक्याचे गुडघे वाकले.

चर्चच्या बाजूनं आवाज आला. टक्क.

मास्तर खाली पडले. कुऱ्हाड त्यांच्या हातातून केव्हाच सुटून दूर गेली होती. पात्याचं तोंड त्यांच्याकडं नव्हतंच. तरी त्यांचा गळा उघडला होता, जुन्या रेषेवर, टाका उसवावा तसा. करुणाबाईंनी पदराचा बोळा करून तिथं दाबला. त्यांना मास्तरांच्या नावानं हाक मारायची होती, म्हाळसाला बोलवायचं होतं. आवाजाऐवजी काही तरी कोमट त्यांच्याच छातीवरून खाली ओघळलं.

५

सकाळी रक्त थांबलेलं होतं. आपोआप. मास्तरांच्या गळ्यावर जाड गुलाबी वळ उठला होता, महिन्याभरापूर्वीचा वाटावा असा. करुणाबाईंनी बोटांनी आपला गळा चाचपला. तोच वळ. मास्तरांनी तोंड उघडलं, ओठ हलवले. आवाज नव्हता. करुणाबाईंनी स्वतः प्रयत्न केला. त्यांच्याकडंही नव्हता.

मास्तर लहान मुलासारखे रडत होते. त्यांनी शेडकडं बोट केलं.

तो उभा होता. शिंगासकट.

करुणाबाईंच्या मनात आता घर नव्हतं, लिंबही नव्हता. एडक्याला तिसऱ्यांदा काही होता कामा नये, एवढंच होतं. जिथं होता तिथं नेऊन बांधायचा. आणणारा नेईल. त्यांनी खुणेनं मास्तरांना उठवलं. अंगावरची साडी रक्तानं कडक झाली होती, बाकीच्या धुवायच्या होत्या. पेटीत मंडळानं दिलेली तेवढी होती. त्यांनी कागद फाडून ती नेसली. कुणाला गळा दिसू नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढला.

दोर दोघांनी धरला. एडका ओढावा लागला नाही. तोच पुढं झाला, वाट ठाऊक असल्यासारखा.

म्हाळसा दारात कोकरांना पाला घालत होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं.

"कोण गावचे म्हणायचे, पाव्हणे?"

करुणाबाई थबकल्या. रोज ताक आणणारी म्हाळसा. त्यांनी पदर वर सारायला हात उचलला, पण दोर ताणला गेला आणि पाय पुढं पडले.

रविवार नव्हता, आडवा दिवस होता. चर्चला कुलूप असणार होतं. आवारात कुत्रं सोडलं तर कुणी असायचं नाही. पण वळणावरच गाणं ऐकू आलं. खूप माणसांचं गाणं, टाळ्या, कोंबड्यांचा कालवा. फाटक सताड उघडं होतं. टेबलावर वांगी होती, भोपळे होते. टेबलाखाली वाकून कुणी तरी मोगरी शोधत होतं. त्यानं मान वर करून हाक मारली, "काय मास्तर!" मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ हलले, एवढंच.

एडका कडुनिंबापाशी जाऊन उभा राहिला. करुणाबाईंच्या हातांनी दोर बांधला. गाठ मारली जाताना त्या बघत होत्या. ते हात त्यांचेच होते. त्यांनी गाठ सोडायला बघितली, तर ती बोटांना सापडेना.

लिंबावरची बोली झाली. लोक हसले. मोगरी कडुनिंबाकडं वळली आणि आवार गप्प झालं.

बाकांच्या रांगेतून एक माणूस उठला. पाठमोरा, इस्त्रीचा सदरा, मानेवरचे पांढरे केस नीट विंचरलेले. करुणाबाईंनीच त्या रविवारी सकाळी विंचरून दिले होते. त्याच्या शेजारी एक बाई खाली मान घालून बसली होती. तिचा गळा अजून कोरा होता.

"माझी बोली," तो माणूस म्हणाला. "आम्ही दोघं."

टाळ्या पडल्या. करुणाबाईंच्या शेजारी मास्तर गुडघ्यांवर कोसळत होते, त्यांना धरायला वेळ नव्हता. बाई उठ. बाई, न्हाई म्हण. त्यांनी ओरडायला बघितलं, आणि गळ्यातला वळ आतून उसवला. त्यांनी एका हातानं तो दाबून धरला. बोटांमधून ऊन रक्त निघालं आणि मोरपंखी पदराच्या आत वाहायला लागलं.

"एक बार!"

बाकावरच्या बाईनं मान वर केली. तिनं थेट इकडं बघितलं.

करुणाबाईंनी उरलेला सगळा जीव मानेत आणला. न्हाई. न्हाई म्हण. एवढंच म्हण. हाड मोडेल अशी त्यांनी मान हलवली.

त्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते त्यांना इथूनही स्पष्ट दिसलं. तिला संकोच वाटला. तिनं नजर वळवली.

"दो बार!"

मोगरी पुन्हा वर गेली. एडक्यानं पहिल्यांदाच तोंड हलवलं. तो चघळायला लागला होता.